खिळ्यांच्या कॉलरचा शर्ट

रानात जाताना बाई जे घालते त्याला आमच्याकडे वेगळं नाव नाही. 'रानातली कापडं' एवढंच. साडी, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोकं आणि कान आवळून बांधलेली टापर, आणि सोंगणीच्या दिवसांत हातात बोटं कापलेले पायमोजे. शर्ट एकदा बाईच्या अंगावर आला की पुन्हा नवऱ्याकडे जात नाही. शेणाचे, घासाचे डाग पडून त्याचा मूळ रंग जातो आणि तो कुणाचा होता हे कुणी विचारत नाही. उसाच्या पानाने हाताला बारीक चिरा पडतात, त्यांना घाम लागला की दिवसभर चुरचुरतं. शर्टाची बाही असली की तेवढं वाचतं.

खास संरक्षणासाठी म्हणून केलेलं कापड आमच्या घरात एकच आहे. फवारणीचं पांढरं किट. औषधाच्या दुकानदाराने पंपाबरोबर दिलं होतं. ह्यांनी ते एकदा घातलं, उकडतंय म्हणून बांधावर काढून ठेवलं, आणि तेव्हापासून ते बाजरीत बुजगावणं म्हणून उभं असतं. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. आमच्या वस्तीवर सगळ्यात सुरक्षित तेच.

आमची वस्ती श्रीरामपूर तालुक्यात, कालव्यापासून जवळ. दोन घरं, मध्ये एक अंगण. एका घरात आम्ही, दुसऱ्यात दीर आणि धाकटी जाऊ. गायी दोघांच्याही, पण गोठे वेगळे, आणि डेअरीला दूधही वेगळं जातं. मी शिवणकामही करते. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायांचे ब्लाउज, फॉल, शाळेच्या पोरींचे ड्रेस. मशीन खिडकीत आहे. खिडकीतून धाकटीचा घासाचा, म्हणजे गायींच्या हिरव्या चाऱ्याचा, वाफा दिसतो आणि त्याला चिकटून शेजाऱ्याचा ऊस. पूर्वी मी त्या खिडकीपाशी उजेडासाठी बसायचे.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. वाघ उसात असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, जसा साप बांधात असतो. कुत्रं गेलं, शेळी गेली, की दोन दिवस बोलणं होतं आणि मग प्रत्येकजण आपापल्या कामाला लागतो. त्या थंडीत मात्र कालव्यापलीकडे एक बाई कांदा खुरपत असताना त्याने मागून तिच्या मानेवर झडप घातली. बरोबरच्या बायांनी आरडाओरडा केला, खुरपी फेकून मारली, म्हणून सुटली. मी तिला दवाखान्यात बघून आले. मान वळत नव्हती तिची. बघायचं झालं तर पूर्ण अंग वळवायची. घरी आल्यावर मी मशीनवर बसले आणि एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

नंतर गावात माहिती सांगायला वनखात्याची माणसं आली. त्यांनी सांगितलं की बसलेलं किंवा वाकलेलं माणूस वाघाला शेळीएवढं दिसतं, आणि तो धरतो ते मानेलाच. तेव्हा एकट्याने जाऊ नका, बसून काम करू नका, मान झाका. धाकटी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली की यांना एकदा उभ्यानं घास कापायला लावा.

पण जायचं तिलाच होतं. दीर दुधाचा टेम्पो चालवतात, उजाडायच्या आत निघून जातात. गायींना सकाळी हिरवा घास लागतो आणि घास लावलाय तो उसाच्या कडेलाच, कारण पाण्याचा पाट तिथून जातो. ऊस शेजाऱ्याचा, त्याची तोड कधी यायची ते कारखान्याच्या हातात. दुपारी काप म्हटलं तर सकाळच्या दुधाला काय करायचं. आदल्या संध्याकाळी काप म्हटलं तर ती म्हणायची की संध्याकाळी वाघ सुट्टीवर असतो का. रोज उजाडता उजाडता ती उसाकडे पाठ करून बसायची आणि विळा चालवायची. टापर कानावर आवळलेली. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

पहिले काही दिवस मी काठी आणि वाजवायला थाळी घेऊन तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती वैतागली. "बाई, तुमी हितं उभ्या ऱ्हायल्या तर तुमच्या गायी कोन पिळनार? वाघ येऊन पिळनार का?" खरं होतं. डेअरीच्या काट्यावर उशीर चालत नाही. मी परत गोठ्यात गेले, पण धार काढताना कान तिकडेच. गायीलाही ते कळायचं, ती पाय झाडायची.

त्याच आठवड्यात आम्ही घोडेगावच्या बाजारात गेलो. ह्यांना एक गाय बघायची होती. हे गायीचे दात बघत होते आणि मी दोरखंड विकणाऱ्याच्या पालापाशी उभी होते. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरांचे पट्टे, आणि एका खिळ्याला अडकवलेले चामड्याचे काटेरी पट्टे. मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात बांधतात ते. लांडगा किंवा वाघ मानेला धरायला गेला की तोंडात खिळे जातात. मी हातात घेऊन बघितले. चामडं जाड, खिळे आतून ठोकलेले, टोकं बाहेर. पालवाल्याने विचारलं, केवढा हाय कुत्रा? मी हाताने गळ्याचं माप दाखवलं. दोन घेतले. एक तिला, एक मला.

परत येताना हे वस्तीच्या वळणावर म्हणाले, "ती घालणार नाही." मी म्हटलं, जीव वाचत असेल तर का नाही घालणार.

ती अंगणात भांडी घासत होती. मी पट्टा पुढे धरला. तिने राखेचा हात न धुताच तो घेतला, उलटापालटा केला, आणि शांतपणे म्हणाली, "भुंकायचं कधीपासून, ते पण सांगा."

मी सांगायला लागले, मेंढपाळाचं कुत्रं, लांडगा, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि पट्टा माझ्या ओसरीवर नेऊन ठेवला. तिचं म्हणणं सरळ होतं. हा पट्टा कशाचा आहे ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गळ्यात मंगळसूत्र असताना वर कुत्र्याचा पट्टा बांधून ती गावच्या रस्त्याने भारा घेऊन येणार नाही. वाघाने धरलं तर चार माणसं रडतील, हे बांधलं तर चाळीस हसतील. मला राग आला. हसण्याने मान मोडत नाही, असं मी बोलले. ती भांडी विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी माझा बांधला. कुणीतरी सुरुवात केली की दुसरीला अवघड जात नाही, असा माझा हिशेब. गोठ्यात गेले. पहिली गोष्ट, पदर खिळ्यात अडकला आणि फाटला. दुसरी, धार काढायला खाली वाकले तर पुढचा खिळा हनुवटीला टोचला. तिसरी, गाय बिथरली. चामड्याचा वास, चकाकणारे खिळे, तिला मी ओळखीची वाटेना. तिने पान्हा चोरला. मी ओल्या हाताने थोपटलं, नेहमीसारखं बोलले, काही उपयोग नाही. त्या दिवशी किटलीचा तळ जेमतेम झाकला. धाकटी तिच्या गोठ्यातून बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मी पट्टा काढला आणि मशीनवर बसले, पण हात चालेना. दर दोन टाक्यांनी मान वर. ती घासात बसलेली, पिवळी टापर, मळका शर्ट, त्या शर्टाची कॉलर मागे दुमडलेली. मी कितीतरी वेळ त्या कॉलरकडे बघत होते. शर्ट ती रोज घालतेच. त्याला नाव ठेवायला कुणाला सुचत नाही. गाय त्या शर्टाला ओळखते, वर्षानुवर्षं त्याच्यावर तिचं शेण आणि दूध सांडलंय. मग नवीन काही गळ्यात बांधायचं कशाला.

दुपारी ती झोपली होती तेव्हा मी तिच्या दारामागच्या खुंटीवरून शर्ट काढून आणला. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

कॉलर ब्लेडने उसवली. कुत्र्याचा पट्टा कापून तिच्या मानेच्या मापाचा केला. पुढचे खिळे पक्कडीने उपसून काढले, हनुवटीला टोचायला नकोत म्हणून. मागचे आणि बाजूचे ठेवले. डोक्यावरून भारा उतरवताना हात मानेमागे जिथे जातो तिथलेही दोन काढले. आतून गोधडीचा जुना तुकडा लावला. मग कॉलरच्या दोन कापडांमध्ये चामडं घालून शिवायला घेतलं. मशीनची सुई लगेच तुटली. मग दाभण घेतला, गोण्या शिवायचा दोरा घेतला, आणि हाताने टाके घातले. खिळ्यांची टोकं कापडातून बाहेर काढली. गळ्यापाशी बंद करायला बटण चालणार नव्हतं, कुठे अडकली तर झटक्यात सुटली पाहिजे. ह्यांच्या कंबरदुखीच्या पट्ट्याची वेल्क्रोची चिकटपट्टी कापून तिथे लावली. हे संध्याकाळी पट्टा शोधत होते. कंबर दुखतेय म्हणाले. मी म्हटलं, दुखू द्या, मान तर नाही ना दुखत.

शर्ट परत खुंटीला अडकवला.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा शर्ट अंगावर होता. कॉलर उभी. पदर शर्टाच्या आत खोचलेला, नेहमीसारखाच. टापर वरून बांधलेली. लांबून बघितलं तर थंडीमुळे कॉलर उभी केलीय असं वाटावं. माझ्या दारावरून जाताना थांबली. मानेवर हात फिरवून म्हणाली, "माझा शर्ट विचारल्याशिवाय घेतला." मी म्हटलं, हो घेतला. "कॉलर वाकडी झाली हाय." मी म्हटलं, दाभणाने शिवल्यावर वाकडीच होणार. विळा घेऊन ती गेली.

गायीने तिला ओळखलं. दोनदा हुंगलं आणि दूध सोडलं. ते सांगायला ती मुद्दाम अंगण ओलांडून आली. मग मी माझ्याही शर्टाला तशीच कॉलर केली.

थोड्याच दिवसांत रस्त्यापलीकडच्या वस्तीवरच्या दोन बाया आपापले शर्ट घेऊन आल्या. बाजारातून पट्टे आणले होते त्यांनी. पट्टा हा शब्द मात्र कुणी काढला नाही. मलाही काढू दिला नाही. 'कॉलर लावून द्या' म्हणाल्या, जसं फॉल लावून द्या म्हणतात. त्यातल्या एकीने विचारलं, खिळ्यांऐवजी चमकीचे काटे मिळतात का. मिळतात म्हटलं, पण वाघाला चमकी टोचत नाही.

आता माझा जीव स्वस्थ व्हायला हवा होता. झाला नाही. कॉलर मानेची आहे, पाठीची नाही, पायांची नाही. तो मानेलाच धरतो असं माणसं सांगून गेली, पण वाघाने ते ऐकलंय का? ऊस उभाच होता. पलीकडच्या गटातला तोडला गेला, त्यामुळे तिकडचा जो काही होता तो इकडे सरकला असणार, असं हे म्हणाले आणि वर्तमानपत्र वाचत बसले. मी ओसरीत झाडू मारता मारता तीनदा अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. झाडलेलं परत झाडायचे. धाकटी घासातून परत यायची तेव्हा मला तिथे बघून विचारायची की अंगणात काय हरवलंय.

आणि शर्ट धुवायचा प्रश्न होता. ती स्वच्छतेची बाई आहे. घामाचा, शेणाचा वास तिला चालत नाही. पण कॉलरमध्ये चामडं. दगडावर आपटता येत नाही, पिळता येत नाही. ब्रशने घासायचा, झटकायचा आणि दोरीवर टाकायचा. बाकीचा शर्ट दुपारपर्यंत वाळायचा, कॉलर मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत ओली राहायची. तेवढा एक दिवस ती दुसरा साधा शर्ट घालून जायची. मी म्हटलं, नको धुऊस. ती म्हणाली, तुमी नका धुऊ तुमचा. मी म्हटलं, मग त्या दिवशी माझा घाल. त्यावर ती म्हणाली की माझ्या शर्टाला माझ्या गायींचा वास आहे, तिच्या गायी पान्हा चोरतील. तेही खरंच होतं.

त्या सकाळी धुकं होतं. मी धार काढून बाहेर आले आणि दोरीकडे बघितलं. तिचा शर्ट दोरीवर होता. आदल्या संध्याकाळी धुतलेला, कॉलरवर दवाचे थेंब, खिळ्यांची टोकं खाली. तिच्या दाराला बाहेरून कडी. घासाचा वाफा धुक्यात दिसत नव्हता.

किटली मी तिथेच ठेवली. काठी घ्यायचं सुचलं, थाळी घ्यायची राहिली. बांधावरून पळत गेले. मोठ्याने हाका मारत होते, आणि माहीत होतं की टापरीतून तिला ऐकू जाणार नाही. पिवळा रंग दिसला तेव्हा ती बसलेलीच होती. उसाकडे पाठ, हातात विळा, समोर कापलेल्या घासाचे ढीग. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तशी ती दचकून विळा उगारूनच उठली.

"काय झालं? कोन आलंय?"

कुणी आलेलं नव्हतं. मी धापा टाकत उभी होते. ती मला बोलायला लागणार एवढ्यात माझं लक्ष पाटाकडे गेलं. रात्री पाणी सोडलेलं, पाटाच्या कडेचा चिखल मऊ होता. त्यात तिच्या चपलेचे ठसे होते, ती येताना उमटलेले. आणि चपलेच्या ठशावर, अर्धा त्यात अर्धा बाहेर, पंजा होता. चार बोटं, नखं नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात. पुढे आणखी एक, आणि एक. ते घासाच्या कडेपर्यंत आले होते, तिच्या पाठीपासून आडव्या पडलेल्या माणसाएवढ्या अंतरावर थांबले होते, आणि वळून उसात गेले होते.

तिने खाली बसून बघितलं. आपल्या चपलेच्या ठशावरचा पंजा आधी बोटाने दाखवला, मला दिसला नसेल म्हणून. मग टापर सोडली, कान मोकळे केले, आणि ऐकत राहिली. उसाची पानं हलत होती, ती वाऱ्याने.  मग तिने कापलेला घास फडक्यात भरला. राहिलेली ओळ तशीच सोडली. तिला ओळ सोडून येताना मी पहिल्यांदाच बघत होते.

भारा मी उचलायला गेले तर तिने दिला नाही. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "दुसरा शर्ट शिवा मला. एक धुवायला, एक घालायला."

घरी आल्यावर जुना शर्ट शोधायला लागलो. जुने होते ते सगळे फाटून फडकी झालेले. ह्यांचे देऊन उपयोग नव्हता, गायींचा प्रश्न होताच. तेवढ्यात दीर टेम्पो घेऊन आले. धाकटीने त्यांना पाटाचं सांगितलं, ते जाऊन बघून आले. परत आल्यावर त्यांनी अंगणात उभं राहून अंगातला शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. खाकी, दिवाळीलाच घेतलेला. मी म्हटलं, भावजी, हा नवा आहे. ते म्हणाले, "दुधाचा वास हाय त्याला, गायी वळखतील." थंडीत बनियनवर बसून त्यांनी चहा घेतला. रोज तेवढ्यात ते काहीतरी गाणं म्हणतात, त्या दिवशी नाही म्हटलं.

माझ्याकडचा एक पट्टा होता, माझ्या शर्टातला. तो उसवून तिच्या खाकीला लावला. माझ्यासाठी दुसरा पुढच्या बाजाराला आणला. टाके या वेळी सरळ आले.

त्यानंतर महिन्याभराने ऊस तुटला. रान उघडं पडलं आणि पार कालव्यापर्यंत दिसायला लागलं. पण तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा फुटला आणि पुन्हा वाढतोय, आता गुडघ्याच्या वर आलाय. पलीकडच्या गटात नवीन उसाची लागण झालीय. धाकटीने घासाचा वाफा हलवायचं ठरवलं होतं, पण पाट हलत नाही, त्यामुळे वाफा तिथेच आहे. शर्ट दोन्ही वापरात आहेत.

मशीन मी खिडकीतून हलवलेली नाही. सकाळी धार झाली की मी आधी दोरीकडे बघते. दोरीवर एक शर्ट दिसला तर कामाला बसते. दोन दिसले की उठते.